सांगोल्यापर्यंत वाढलेली कुंची

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, बाहेर रस्त्यावरचं डांबर पातळ होत असताना, मी सोलापुरात लोकर विकत घेतली.

दुकानदारानं माळ्यावरून खोका काढला, त्यावरची धूळ झटकली आणि विचारलं, "काश्मीरला निघालात व्हय?"

"नाही हो, सांगोल्याला."

त्यानं माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं आणि पिशवी हातात दिली.

त्याचं झालं असं, की माझ्या धाकट्या भावाला, अविनाशला, लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगा झाला. माझी भावजय पूर्वा बाळंतपणाला सांगोल्याला माहेरी होती आणि बारसंही सव्वा महिन्यानं तिथंच करायचं ठरलं. आमच्याकडे बारशाला बाळाच्या अंगावर पहिली कुंची आत्याची चढते. (वर टोपडं आणि खाली पाठीवर रुळणारा घोळ, असं ते एकसंध प्रकरण असतं.) ती चढल्याशिवाय बाळ पाळण्यात जात नाही. आणि आत्या मी एकटीच! नऊ वर्षं मी या भाच्याची वाट बघितली होती. दवाखाने, उपास, पूर्वाचे सुजलेले डोळे, सगळं जवळून पाहिलं होतं. दुकानातली कुंची कुणीही आणेल. याच्या अंगावर पहिली जी चढेल ती माझ्या हातची असावी, असं मला अगदी आतून वाटत होतं.

एवढंच वाटून थांबले असते तर बरं होतं. पण मी ते खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. "कुंची मी स्वतः विणणार!!!" तीन उद्गारचिन्हांसकट. पाच मिनिटांत अंगठे, फुलं आणि हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. आता माघार घ्यायला जागा उरली नाही.

माझा विणकामाचा पूर्वानुभव म्हणजे एक मफलर. चार वर्षांत तो निम्मा झाला आणि सध्या त्यानं आमचे हे स्कूटरची सीट पुसतात.

कुंचीचा पॅटर्न मी इंटरनेटवरून काढला. त्यातली पहिलीच सूचना अशी होती, की आधी चार इंचांचा नमुना विणा, तो धुवा, वाळवा, मोजा आणि मगच कामाला लागा.

"हे नवशिक्यांसाठी असतं," मी ह्यांना म्हणाले.

"मग तू कोण?" ह्यांनी पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं.

मी ते पान पुढे सरकवलं. मी शाळेत शिक्षिका आहे. बावीस वर्षं पोरांना 'प्रश्नपत्रिका आधी नीट वाचा रे' असं ओरडून सांगत आलेय. स्वतः वाचायचं असतं, असं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

पॅटर्नमध्ये दहा नंबरच्या सुया लिहिल्या होत्या. मी दहा नंबरच्या सुया आणल्या. तीन आठवडे मान मोडून सुलट-उलट टाके घातले. शाळेला सुट्टी लागली होती, त्यामुळे सकाळी सुया, दुपारी सुया आणि संध्याकाळी मानेला बाम! शेवटी कुंची तयार झाली. मग हे उठले, देवघरातला नारळ घेऊन आले आणि त्याला ती घालून बघितली. फिट्ट बसली! शेंडीसुद्धा वरून व्यवस्थित बाहेर आली. नंतर कळलं, की पॅटर्नवाली बाई परदेशातली. तिकडे नंबर जितका मोठा तितकी सुई जाड आणि आपल्याकडे नंबर जितका मोठा तितकी बारीक! तिची दहा नंबरची सुई आपल्याकडच्या दहा नंबरच्या जवळजवळ दुप्पट जाड असते.

त्यात माझी आई आली. तिनं नारळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आणि मे महिन्यात लोकर घालणार होतीस लेकराला? उकडून निघेल की गं ते!"

हा विचार मला तीन आठवड्यांत एकदाही शिवला नव्हता.

बारशाला उरले पंधरा दिवस. मी रडकुंडीला येऊन गेटापाशी उभी होते, तेव्हा शेजारच्या पद्माक्कांनी विचारपूस केली. पद्माक्कांच्या घरी चार माग आहेत, टॉवेल निघतात. त्यांची बोटं जन्मापासून सुतात. 'लोकर चालत नाही, विणायला सुती धागा हवा,' एवढंच मला सांगता आलं; ते ऐकून त्या आत गेल्या आणि पिशवीभर पांढरंशुभ्र सूत घेऊन आल्या.

"मागावरला बीम संपला की ताण्याचं, उभ्या धाग्याचं, एवढं उरतंय बघा. कापसाचं हाय. घ्या की ताई, काय लागंल ते करा."

मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली. सूत बारीक होतं म्हणून मी दहा पदर एकत्र घेतले. मागची कुंची घट्ट झाली होती ना, म्हणून या खेपेला अंगठ्याएवढ्या जाड सुया घेतल्या आणि टाकेही सैल ठेवले. (चूक सुधारायची तर अशी, की नवी चूक पहिलीला लाजवेल!) पण सूत असं काही छान कडक होतं, की एवढे सैल टाकेसुद्धा जागच्या जागी ताठ उभे राहिले. बारा दिवसांत कुंची तयार. टेबलावर ठेवली तर कुणी न धरता उभी राहिली! मी टेप लावून मोजली. इंचाचाही फरक नाही. त्या संध्याकाळी मी कुंचीचे अकरा फोटो ग्रुपवर टाकले.

बारशाच्या दिवशी सकाळी सातला पद्माक्का माझं विणकाम बघायला आल्या. त्यांनी घोळ दोन बोटांत धरून चोळला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ताई, धुतलं नाही व्हय?"

"नवीकोरी आहे की. कशाला धुवायची?"

"अय्यो! ताण्याचं सूत हाय ते! मागावर तुटू नये म्हणून खळ लावतो की आमी. बाळाच्या अंगाला काट्यावानी टोचंल. आधी गरम पाण्यात घाला बघू!"

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?"

"मला काय ठाऊक बाळाची कुंची करताय म्हणून? मला वाटलं, टीव्हीवर घालायचं कायतर करताय."

मुहूर्त साडेअकराचा आणि आठला निघायचं. मी कुंची गरम पाण्यात बुडवली. पाणी पेजेसारखं पांढरं झालं. खळ निघाली आणि तिच्याबरोबर कुंचीतला सगळा कणाही निघाला. बाहेर काढली तेव्हा ती माझ्या हातावर मूर्च्छा येऊन पडल्यासारखी लोंबत होती.

"ओली कशी नेणार आता?" आई म्हणाली.

"गाडीच्या खिडकीतून बाहेर धरते. सोलापूरचं ऊन आहे. मंगळवेढा यायच्या आत वाळेल!" मी म्हणाले. मला ही कल्पना फार हुशारीची वाटली.

हे गाडी चालवत होते, आई मागे बसली होती आणि मी पुढच्या सीटवर टोपडं दोन्ही हातांत घट्ट धरून घोळ खिडकीबाहेर सोडला होता. वारा सुसाट. एक मोटारसायकलवाला शेजारून ओरडत गेला, "ओ ताई, साडी अडकलीय दारात!" मी मान हलवून आभार मानले. पुढे एका ट्रकवाल्याला ते पांढरं फडकताना बघून काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं गाडी बाजूला घेऊन आम्हाला अदबीनं वाट दिली.

मंगळवेढा मागे पडलं तेव्हा ह्यांनी बाजूच्या आरशात बघितलं.

"अगं, ते टोक मागच्या चाकापर्यंत गेलंय."

"वाऱ्यानं फडफडतंय हो ते. तुम्ही समोर बघा!"

"फडफडत नाहीये. वाढतंय!"

मी घाईघाईनं कुंची आत ओढायला लागले. ती येतच राहिली! सैल टाके, गेलेली खळ, पाण्याचं वजन आणि साठ किलोमीटरचा वारा. माझी मांडी भरली, मग पायाशी ढीग झाला, मग आईनं मागून दोन सीटच्या मधून वाकून बघितलं.

"लुगडं विणलंस का गं?"

आणि वाळलीही होती! अगदी कडकडीत वाळली होती, त्याच लांबीत! मी चिडले. सुतावर चिडले, वाऱ्यावर चिडले, पद्माक्कांवर चिडले, गप्प बसून हसणाऱ्या नवऱ्यावर चिडले आणि सगळ्यात जास्त त्या परदेशी बाईवर चिडले, कारण नमुना विणा, धुवा, वाळवा, मोजा हे तिनं पहिल्याच ओळीत लिहून ठेवलं होतं. सांगोला येईपर्यंत मी कुंचीच्या घड्याच घालत होते.

दारात पूर्वाच्या आई सामोऱ्या आल्या. कुंचीचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं माझ्याकडे. मध्ये सगळा मांडव मावला असता.

"ताई, ह्ये कुंची व्हय? आमच्याकडं मेंढरामागं जाणारी गडीमाणसं येवढं घोंगडं पांघरत्यात की!"

"मावशी, थोडी सैल झालीय."

"कात्री आनू का? खालनं कापून टाकू."

"नको! विणलेलं कापलं की सगळं उसवत जातं!" मी किंचाळले.

"मग ऱ्हाऊ द्या. म्या एक जरीची आनून ठिवलीया कपाटात. वेळेला आसावी म्हनून."

मी म्हणाले, "तीच घाला." म्हणाले आणि मला एकदम रडायलाच आलं. एवढ्या बायांसमोर मी, बावीस वर्षं नोकरी केलेली बाई, हातात दहा फुटांची कुंची घेऊन हमसून हमसून रडत होते.

पूर्वा पुढे आली. तिनं माझ्या हातातून कुंची घेतली. "आई, ती जरीची आत ठेव. बाळाला ताईंचीच घालायची. नऊ वर्षं थांबलोय आम्ही, जरा लांबली तर काय बिघडतंय?"

आणि तिनं बाळाला त्यात गुंडाळलं. एक वेढा, दोन वेढे, सहा वेढे! शेवटी तिच्या हातात एक पांढरं गाठोडं राहिलं आणि आतून कुठूनतरी बाळाचा हुंकार आला. गुरुजी घड्याळ दाखवायला लागले, "चला चला, मुहूर्त टळतोय!" बायांनी 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत गाठोडं पाळण्याखालून पलीकडे दिलं, पाळण्यावरून अलीकडे घेतलं. गाठोडं पलीकडे गेलं तरी कुंचीचं टोक अलीकडेच! ते सोडवायला गाठोडं दोनदा फिरवावं लागलं, एकदा उलटं द्यावं लागलं आणि मग कसंबसं ते पाळण्यात गेलं.

"आत्या, कानात नाव सांगा! लवकर!"

मी वाकले. सगळीकडे पांढरंच पांढरं. वेढे बाजूला करत चाचपडले, तेव्हा एका बाजूला काहीतरी गुलाबी, मऊ, गोल लागलं. डोळे पाण्यानं भरले होते, नीट दिसत नव्हतं. मी तिथं ओठ टेकवले आणि सगळा जीव ओतून हळूच म्हणाले, "मल्हार!"

"कुर्रर्र!" बायांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. त्या धक्क्यानं वेढे सुटले. माझ्या ओठांसमोर पाच बोटं हलली.

"अगं, तो पाय आहे!" आई ओरडली. "तोंड तिकडे आहे!"

मी घाईनं दुसऱ्या टोकाकडे धावले, पण गुरुजींनी हात वर केला. "नाव एकदाच सांगतात. झालं ते झालं. पेढे वाटा."

मल्हार आता सव्वा वर्षाचा आहे. कान उत्तम आहेत, डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. आईबापांनी हाक मारली की तो लगेच वळून बघतो. फक्त मी "मल्हार!" म्हटलं की वळून बिळून काही बघत नाही. तडक उठतो आणि माझ्यापासून लांब चालायला लागतो.