तुबाने काही नेलं नव्हतं

अकोल्याच्या बसस्थानकामागच्या गल्लीत तुबाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी ती मूर्तिजापूरला खुशालरावांच्या छापखान्यात लग्नपत्रिका काढायची. वेलबुट्टी, काठ, गणपती, निकाहनाम्याची नक्षी असं सगळं तिच्या हातचं होतं. पत्रिकेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपलं नाव टाकावं, एवढंच ती मागत होती. खुशालराव हसले, म्हणून तिने काम सोडलं.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी छापखानेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला, "तुबा जाताना फायली चोरून घेऊन गेली. कोणी दारात उभी करू नका." कोणी केलीही नाही. अकोल्यात नाही, अमरावतीत नाही. तेव्हा तिने कॉम्प्युटरचा जुना डिप्लोमा बाहेर काढला आणि हे दुकान टाकलं.

राग मात्र तिने सोडला नाही. मी लॅपटॉप घेऊन गेले की ती स्क्रू फिरवता फिरवता म्हणायची, "त्या माणसाले माह्यासमोर बसलेलं पाह्यचं हाये मले. बस."

दिवाळी संपली आणि तो माणूस खरंच समोर येऊन बसला. योगायोगाने मी तिथेच होते. खुशालरावांच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत छापखान्याची जुनी हार्ड डिस्क आणि तशीच दिसणारी नवी, त्याच कंपनीची. जुनीतून टकटक आवाज येत होता. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं, पत्रिकांचा हंगाम सुरू होणार.

"सगळं हिच्यातलं हिच्यात घेऊन दे, बेटा," ते म्हणाले. जणू मधे काही झालंच नव्हतं.

तुबाने डिस्क कानाशी धरली, जोडून पाहिली, लगेच काढली. "अजून जीव हाये. आता केलं त सगळं नवीवर उतरते. पुन्हा पुन्हा चालू केली त जाईन. दुसरी कॉपी नाई?"

"कुठून असणार? तुह्यानंतर पेनड्राइव्ह बंद केले. कॉम्प्युटरची भोकं एम-सीलनं बुजवली."

तुबा हसली. मला ते हसू आवडलं नाही. "मी करून देतो," ती म्हणाली, वऱ्हाडी बायका स्वतःला 'देतो'च म्हणतात तशी, "पण पहिले ग्रुपवर सांगा. तुबानं काही नेलं नव्हतं."

"आता ते उकरून काय काढून राहिली?"

"उकरत नाई, भाऊ. वरच पडून हाये ते."

खुशालराव उठले. "तुह्यासमोर नाक घासू का मी? अमरावतीले किशोर हाये माह्या भावाचा. तो करते." त्यांनी दोन्ही डिस्का पिशवीत टाकल्या.

त्यांना थांबवावं, असं तुबाच्या मनात आलं असेल का? मी विचारलं. ती म्हणाली, "नाई आलं."

पुढचं किशोरनेच नंतर गावभर सांगितलं. घरून निघताना खुशालरावांनी देवासमोर डिस्क ठेवून तिला कुंकू लावलं. नवीला नव्हे, जुनीला. इतकी वर्षं घर चालवलं म्हणून. आता आपल्याकडे कुंकू लागतं ते नव्या वस्तूला: नवी गाडी, नवा फ्रिज, नवा मोबाइल. किशोरने पिशवी उघडली, कुंकू पाहिलं आणि ती नवी समजला. पडद्यावर दोन्हींची नावं एकच, आकार एकच. कुठून घ्यायचं आणि कुठे उतरवायचं, ते त्याने कुंकवावरून ठरवलं. कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरली आणि होतं ते सगळं पुसलं गेलं. काका बाजूलाच चहा पीत होते.

दोन दिवसांनी खुशालराव परत आले. दुकानात माझ्यासकट बरीच गिऱ्हाइकं होती. ते सगळ्यांच्या मधून वाट काढत टेबलाशी आले आणि खाली वाकून हळूच बोलले, "बेटा, तुह्याकडे असतीन ना त्या फायली?"

"कोणत्या?"

"तू नेल्या होत्या त्या. मी रागावत नाई. चांगलं केलं नेल्या त. मले दे फक्त."

तुबाने हातातला स्क्रू-ड्रायव्हर ठेवला. "जोरात सांगा. या लोकायले बी ऐकू येऊ द्या. म्या चोरल्या का?"

"हाव म्हण ना, माय," ते कळवळून म्हणाले. "हाव म्हण."

"म्या एक बी फाईल नेली नाई, खुशालभाऊ."

इतकी वर्षं तिने हे वाक्य कितीजणांना ऐकवलं असेल. कोणी मानलं नव्हतं. आता खुशालराव मानत होते, आणि त्यांचं तोंड उतरत होतं. तुबा ते उतरणं डोळे भरून बघत होती.

त्यांनी मोबाइल काढला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी ग्रुपवर बोलले, "मंडळी, तुबानं काही नेलं नव्हतं. मी खोटं बोललो होतो." मग मोबाइल खाली ठेवून म्हणाले, "झालं? आता काढशीन ना काहीतरी त्या डिस्कमधून?"

"तवा जीव होता तिच्यात," तुबा म्हणाली. "आता कोरी हाये. माह्यासारख्या दहा बसवल्या तरी काही निघत नाई."

"मंग नव्यानं काढून दे. तुले येते सगळं."

"येते ना. पण तुमच्यासाठी नाई येत." आणि मागच्या बाईला म्हणाली, "या ताई, काय झालं तुमच्या प्रिंटरले?"

खुशालराव दारापर्यंत गेले. पायरीवर थांबले, वळले.

"तुबा, खरं सांग. एखाददोन तरी नेल्या असशीन?"