साईंनी भरलेली दाढ

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. अम्माच्या दाढेच्या फोटोत काळी रेघ दिसली, तेव्हा मला आनंद झाला होता.

अम्मा कोण, ते आधी सांगतो. उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पात, लष्कराच्या जुन्या बराकीतल्या एका खोलीत मी दाताचा दवाखाना थाटला, तेव्हा एकोणीसशे पन्नास नुकतंच उलटलं होतं. मी अंबरनाथहून सायकलने येत असे. पेशंट बहुतेक सिंधी, आणि मला त्यांचं एक अक्षर कळत नसे. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या खोलीतली ही बाई न बोलावता आत आली, तोंड उघडलं, वरच्या दाढेवरच्या सोन्याच्या टोपीवर नखाने टकटक केलं आणि म्हणाली, "ये साईं का काम है, पुट. देख ले. ऐसा करने का."

पुट म्हणजे मुलगा. साईं म्हणजे तिचा नवरा. तिकडे सिंधमध्ये ते दातांचे डॉक्टर. फाळणीनंतर निघायच्या आधीच्या महिन्यात त्यांनी तिच्या दाढेची मुळं साफ करून भरली, वर टोपी बसवली आणि तिला मुलीबरोबर बोटीत बसवून दिलं. दवाखाना आवरून स्वतः मागच्या बोटीने येणार होते. आले नाहीत. पत्रही आलं नाही. तरी अम्मा त्यांच्याबद्दल 'होते' असं कधी बोलत नसे. "आयेंगे तो पहले यही दाढ देखेंगे," म्हणायची.

तेव्हापासून माझी दुभाषी तीच. एखादी म्हातारी खुर्चीत बसून पाव तास बोले. घर, गाय, बोट, हुंदके, सगळं येई. अम्मा मान डोलावत ऐके आणि मग माझ्याकडे वळून सांगे, "नीचे की, बायें." मी विचारायचो, बाकीचं काय म्हणाली? "बाकी तेरे काम का नहीं."

दुपारी माझा डबा उघडून ती नाक मुरडायची आणि कांदा घातलेली जाडजूड सिंधी पोळी, कोकी, पुढे करायची. ती खाताना मात्र साईंचा पाठ ऐकावा लागे. साईं पक्कड अशी धरत नाहीत. साईं इंजेक्शनच्या आधी पेशंटशी दोन शब्द बोलतात. तुम्हीच सांगा, ज्या माणसाला कधी पाहिलं नाही, त्याच्या हाताखाली माणसाने किती वर्षं काढायची?

मग मुंबईच्या एका म्हाताऱ्या पारशी दंतवैद्याने दवाखाना बंद केला आणि त्यांचं एक्स-रे मशीन माझ्याकडे आलं. मोरीला काळा पडदा लावून मी आत फिल्म धूत असे. साईंकडे हे नव्हतं. हे मी अम्माला दोनदा तरी सांगितलं असेल.

थोड्याच दिवसांत तिची तीच दाढ दुखू लागली. चावलं की कळ यायची. मी खुश होऊन फिल्म काढली. तिची टाळू अरुंद, फिल्म टोचत होती, म्हणून कोपरा जरा दुमडून आत बसवली. धुऊन पाहतो तर मुळावरून आडवी काळी रेघ. मुळं भरलेली दाढ ठिसूळ होते, मूळ तडकू शकतं, आणि तडकलं की काढण्यावाचून उपाय नाही, हे मी शिकलो होतो. साईंचं काम फुटलं, एवढंच माझ्या मनात आलं.

अम्माने फिल्म हातात घेऊन उजेडाला धरली. बराच वेळ पाहिली. "एक फोटो और निकाल, पुट."

तेही मी शिकलो होतो. मशीन जरा बाजूला सरकवून दुसरी फिल्म काढायची. रेघ दोन्हींत दिसली तर तड खरी. पण मी म्हणालो, "अम्मा, फोटो झूठ नहीं बोलता."

सोन्याची टोपी आधी उतरवून तिला दिली, मग दाढ निघाली. तिन्ही मुळं अखंड होती. नळाखाली धरली, सुई फिरवून पाहिली, भिंग लावलं. तड कुठेच नव्हती. मग फिल्म पुन्हा खिडकीशी धरली. रेघ मुळावर थांबलेलीच नव्हती. दाढेच्या बाहेर, हाडावरून, फिल्मच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. मी दुमडलेल्या कोपऱ्यापर्यंत. ती तड नव्हे, फिल्मची घडी होती.

तोंडात कापूस धरून अम्माने हात पुढे केला होता. दाढ मागत होती. मी ती खिशात टाकली आणि सांगितलं, तुकडे झाले, फेकून दिले.

तिने हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी आपणहून म्हणाली, "जल्दी में किया होगा. उन दिनों साईं का हाथ काँपता होगा." मी 'हो' म्हणून मान हलवली.

कळ काही थांबली नाही. दुखत होती ती मागची दाढ, आतून पोखरलेली. ती मी भरली, आणि अम्माने मला आशीर्वाद दिला.

दुभाषीपण तिने सोडलं नाही. पण पक्कड कशी धरतोस म्हणून ती मला पुन्हा कधी बोलली नाही. मी एकदोनदा मुद्दाम चुकीची धरून पाहिली. ती खिडकीबाहेर बघत राहिली. कोकी मिळायची, साईंच्या पाठाशिवाय नुसती. एकदा एका नव्या पेशंटला ती सांगत होती, मेरे साईं भी डॉक्टर थे. 'थे' एवढंच माझ्या कानात राहिलं. त्या माणसाची वाट पाहणं तिने सोडलं, आणि ती मात्र मला आजही दारात यावीशी वाटते, नाक मुरडत, माझ्या कामात खोट काढत.

तिच्या जावयाला इंदूरकडे नोकरी लागली, तेव्हा मुलीबरोबर तीही गेली. टांग्यात बसल्यावर माझ्याकडे पाहून तिने विचारलं, "कुछ बोलना है, पुट?"

मी म्हणालो, सँभालके जाना.

पुढे ती वारल्याचं कॅम्पातल्या कुणीतरी सांगितलं. दाढ माझ्याकडेच आहे. ती तिला द्यायची राहिली आहे. आणि हेही सांगायचं राहिलं आहे, की साईंचा हात थरथरला नव्हता. तिन्ही मुळं त्यांनी टोकापर्यंत नीट भरली होती.