डोळे व्हायचेत त्यांच्याकडे पाय

आत्याच्या डाव्या घोट्याच्या वर दोन वर्षं एक जखम होती. रुपयाएवढी होती तेव्हा तिने हळद लावली. तळहाताएवढी झाल्यावर मला सांगितलं. रोह्याच्या इस्पितळातले मोठे डॉक्टर म्हणाले, शिरा फुगल्यात. बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी दिवसभर ठेवायची आणि बसताना पाय वर घ्यायचा. हे जमलं नाही तर मांडीची कातडी काढून लावावी लागेल, मग महिनाभर पलंग. कातडीचं आत्याला काही वाटलं नाही. पलंगाचं ऐकून मात्र ती हबकली. गणपती तीन महिन्यांवर होते, आणि पेणच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचं काम चाळीस वर्षं तिच्याकडे होतं.

एवढं असून दर आठवड्याला आम्ही रोह्याला गेलो की पट्टी कोरी करकरीत आणि जखम होती तशी. "पेशंट ऐकत नाहीत," डॉक्टर छताकडे बघून म्हणायचे. असे न ऐकणारे वीसेक जमले तेव्हा इस्पितळाने एक पथक नेमलं आणि आम्हा सगळ्यांना शिकवायला बोलावलं.

मंचावर पाच खुर्च्या, शाली, श्रीफळं. समईची वात पंख्याने विझत होती म्हणून पंखे बंद केले. मोठे डॉक्टर म्हणाले, जखम ही एकट्याची नसते, संपूर्ण टीमची असते. (आत्याने पायाकडे पाहून खात्री करून घेतली.) आहारवाल्या बाईंनी सुकटीवर वाढलेल्या माणसांना हिरव्या विलायती फुलकोबीचं चित्र दाखवलं. व्यायामवाल्याने घोटा फिरवून दाखवला, स्वतःचा. समुपदेशक म्हणाले, जखमेशी मैत्री करा. पाचव्या गृहस्थांनी उरलेल्या चौघांचे आभार मानले. दोन तास झाले. पडद्यावर लाल अक्षरांत आलं, 'पाय लोंबकळत ठेवू नका', आणि खाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर वीस पाय लोंबकळत सुजत होते. निडी गावच्या एका आजोबांनी सूचना मनावर घेतली आणि पाय पुढच्या खुर्चीवर ठेवला. स्वयंसेवक धावत आला. "आजोबा, पाय खाली घ्या. पाहुणे आहेत ना!"

पथकात मलमपट्टीवाली सिस्टर नव्हती. ती बोळाच्या टोकाच्या खोलीत मलमपट्ट्या करत होती. समारंभ उरकून तिथे गेलो, तेव्हा तिने पट्टी उलगडली आणि हातात धरून विचारलं, "मावशे, खरं सांग गो. घरी जाऊन सोडतेस ना ही?"

"घरी नाय. कारखान्यात."

"का गो?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. सिस्टरने मला कापूस आणायला पाठवलं. मी पडद्याबाहेरच थांबलो.

"बाय, पुवाची पट्टी बांधून देवाचे डोले कसे आखू? आनि म्हनतान पाय वर कर. चारी बाजूंनी गनपती बसलेले. कुनाकडं करू पाय?"

इतक्या आठवड्यांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मी फक्त वाटेत व्याख्यानं देत होतो, तीही शालीशिवाय.

सिस्टर हसली नाही. "सकाळी आंघोळ झाली की धुतलेली पट्टी बांधायची. वरून कोरं सुती कापड, तुम्ही मूर्तीच्या तोंडावर टाकता ना, तेच. मग चालेल?"

"त्ये चालंल. पन पाय?"

"डोळे आखल्याबिगर देव होतो का?"

आत्याने विचार केला. "नाय. शाडूच ती."

"मग झालं."

दुसऱ्या दिवशी आत्याने कारखान्याची मांडणी बदलली. डोळे व्हायचे ते गणपती समोर, झालेले पाठीमागे. मध्ये उपड्या खोक्यावर पांढऱ्या कापडातला पाय, सगळा वेळ आंधळ्यांच्या दिशेने. एकेका मूर्तीचे डोळे झाले की मालक ती उचलून मागे नेत आणि कुरकुरत, "आत्याबाई, आता आमची कंबर दाखवा रोह्याला." पण आखणीला दुसरा हात नव्हता, त्यामुळे उचलत राहिले. गणपती बसले तोवर जखम पुन्हा रुपयाएवढी झाली होती. पलंग टळला.

दिवाळीनंतर बोलावणं आलं. तीच समई, त्याच पाच खुर्च्या. मोठ्या डॉक्टरांनी आत्याला पहिल्या रांगेत बसवून माइकवर सांगितलं, हे आमच्या टीमचं यश. सिस्टर बोळाच्या टोकाला कामात होती.

आत्याने शेजारची खुर्ची ओढली, मंचाकडे वळवली आणि तिच्यावर पाय लांब केला. स्वयंसेवक धावत आला. "आजी, पाहुण्यांकडे पाय?"

आत्याने मान तिरकी केली आणि पाचही जणांना एकेक करून न्याहाळलं. कुंचला टेकवण्याआधी ती मूर्तीकडे असंच बघते.

"राहूंदे," ती म्हणाली. "ह्यांचे आखायचेत अजून."