केळीच्या पानावरचा उजेड

शेजारच्या आबांचा भिंतीवर लावण्याजोगा एकच फोटो आहे. तो मी काढला आणि मीच बिघडवला. खानदेशात, चोपड्याच्या शाळेत मास्तरकी करत होतो, गळ्यात नवाकोरा कॅमेरा. एरवी फोटोला फोन पुढे केला की तोंड फिरवणारे आबा त्या दिवशी अंगणातल्या कापसाच्या ढिगापुढे हौसेनं उभे राहिले. फोटोत कापूस झकास आला, आबांचं तोंड मात्र तव्याच्या बुडासारखं. उद्या परत काढू, म्हणालो. उद्या-उद्या करता करता आबाच गेले. त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, तोच फोटो भिंतीवर लावला.

असं का झालं, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. नाद लागला तो तिथून. कॅमेऱ्याला समोरचं सगळं मधल्या रंगाचं हवं असतं, ना फार पांढरं, ना फार काळं. कापूस दाखवला की तो उजेड कमी करतो, काळी जमीन दाखवली की वाढवतो. मी कॅमेऱ्यानं निंबाच्या खोडावरचा उजेड मोजला, वाळलेलं गवत मोजलं, तापीची रेती मोजली. बायको म्हणाली, एवढा अभ्यास पोरांचा घेतला असता तर शाळेचं भलं झालं असतं. शेवटी केळीचं हिरवं पान सापडलं. त्यावर उजेड मोजला की माणसाचा चेहरा बरोबर येतो. मला तर घबाडच मिळालं!

परवा अक्कांनी बोलावलं. त्यांना आपलाही फोटो काढून ठेवायचा होता, नातवंडांना चेहरा ओळखू येईल असा. आबांचा फोटो बघून नातवंडं विचारतात, हे कोण, म्हणून. ऐकून मान खाली गेली.

अक्का निंबाच्या सावलीत बसल्या. मी ऐटीत परसातल्या केळीपाशी जाऊन पान मोजलं, परत येऊन फोटो काढला आणि दाखवला.

"मी इतली काळी शे का?" अक्का म्हणाल्या.

पानात काय बघत होतास, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांना हसू आलं. कापसाचा रंग पारखायचा तर तो उन्हात बघतात का, म्हणाल्या. जिथं बसलो तिथं आणून बघायचा. उठल्या, केळीचं पान फाडून आणलं, सावलीत बसून गालाशी धरलं.

"आते मोज."

हात्तिच्या! पान उन्हातलं आणि चेहरा सावलीतला, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. पानावर मोजलं, पान बाजूला करायला सांगितलं, फोटो काढला. सुरकुती न् सुरकुती आली, नाकातली मोरणीसुद्धा.

फोटो मढवून आणला, आबांच्या शेजारी लावला. अक्कांनी दोन्हींकडे पाहिलं.

"आबा मन्हापेक्षा गोरा व्हतात," म्हणाल्या.

होतेच. मला चांगलं आठवतंय.