आभाळातून आलेला हौद

आभाळातून पडलेल्या वस्तूवर गावात पहिला हक्क कुणाचा, हे तुम्ही कधी कुणाला विचारलं आहे का? आमच्यावर ती वेळ आली.

त्या साली आमचा जिल्हा नवा झाला होता. शाळेच्या फळ्यावर जिल्ह्याचं नाव बदललं. पाणी मात्र आधीसारखं टँकरनंच येत राहिलं. टँकर गावविहिरीत रिकामा व्हायचा. आमची बौद्ध वस्ती काठापासून लांब उभी राहायची, आणि कुणी वरून ओतलं तरच घागरी भरायच्या. बाबा मोर्चाहून पत्रकं घेऊन यायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. त्या साली मी अठरा वर्षांची होते आणि बाबांचे अर्ज मीच लिहीत होते. आमचा वाटा वस्तीतच ओतावा, एवढंच त्या अर्जात मागितलं होतं. टँकरवाला तयार होता. पण आम्ही खोदलेला खड्डा मुरमाचा. ओतलेलं पाणी तासाभरात जिरून जायचं.

एका सकाळी शिवारात पांढरं पातळ प्लास्टिक उतरलं. दोन वावरं झाकली गेली. पलीकडे हवाई छत्रीला बांधलेली एक पेटी पडली होती. तिच्यावरचा कागद मी मोठ्यानं वाचला : हैदराबादेहून सोडलेल्या फुग्याची ही यंत्रं आहेत, नाजूक आहेत, उघडू नका, उन्हात ठेवू नका, तार करा. बाबा तार करायला शिरूर अनंतपाळला पायी गेले. फुग्याच्या प्लास्टिकबद्दल कागदावर अक्षरही नव्हतं. वस्तीनं ते उचललं, आठ पदरी घडी केली आणि खड्ड्यात अंथरलं. दुसऱ्या दिवशी टँकर पहिल्यांदा आमच्या दारात रिकामा झाला. पाणी जिरलं नाही. आई घागर घेऊन काठावर बसली होती. भरायची तिला आठवणच राहिली नाही.

पेटी आम्ही लिंबाखाली ठेवली होती. "नाजूक हाय म्हंतंय ना कागद? मग ऊन लई हाय," असं म्हणत आईनं रांजणाला गुंडाळतात तसं ओलं गोणपाट पेटीला गुंडाळलं. ते वाळलं की मी त्यावर तांब्याभर पाणी ओतायचे. घरात पिण्याचं पाणी मोजून घ्यायचो आम्ही, पण पाहुणीला कमी पडू दिलं नाही.

चौथ्या दिवशी जीप आली. तिच्यातून हैदराबादच्या केंद्रातला एक तंत्रज्ञ उतरला, मूळचा उदगीरचा. सोबत आमचा पोलीस पाटील.

"सायेब, सरकारी माल ह्यांनी खड्ड्यात घातला," पाटील म्हणाला. "पंचनामा करा, अन् आजच काढून घ्या."

"इचारलं का कुणाला?" पाटलानं बाबांकडे वळून विचारलं.

"आभाळाला इचारलं," बाबा म्हणाले. "ते काय न्हाई म्हनलं न्हाई."

तंत्रज्ञानं आधी पेटी उघडली. आत काळ्या कागदाची पुडकी होती. एक दाबून पाहिलं, तर त्याची बोटं ओली झाली. तो उकिडवा बसला.

"भिजवलं कुणी?"

"म्या," आई पुढं झाली. "तापली हुती."

वरच्या आभाळातून येणाऱ्या किरणांच्या खुणा त्या पुडक्यांत उमटतात, ओल लागली की जातात, हे त्यानं तिला समजावून सांगितलं.

"म्हंजी म्याच बुडिवलं?"

"न्हाई मावशी. चूक आमच्या कागदाची हाय. भिजवू नका असं लिवलंच न्हाई. हमको लगा, असल्या दुष्काळात पेटीला पानी कोन घालतंय."

मग तो खड्ड्यापाशी आला. प्लास्टिकची कड चिमटीत धरून म्हणाला, परदेशी फुगे आपल्याकडे वर गेले की काचेसारखे तडकायचे. आपल्या डोक्यावरचं उंच आभाळ त्यांच्याकडच्यापेक्षा थंड. मग आपल्याच माणसांनी त्या थंडीत टिकणारं प्लास्टिक शोधलं, आणि लांब टेबलांवर खरबुजाच्या फाकींसारख्या त्याच्या पट्ट्या जोडल्या. हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता.

मी विचारलं, "तिथली थंडी तुम्हाला कळली. इथली तहान कुणाला कळली का?"

त्यानं चिमटीतली कड सोडली. पाटील म्हणाला, "पोरीला लई शिकवलंय."

तंत्रज्ञानं पावतीच्या कागदावर लिहिलं : एकदा उडालेला फुगा पुन्हा उडत नाही, प्लास्टिक वस्तीनं वापरण्यास हरकत नाही. खाली सही केली. पाटलानं तो कागद दोनदा वाचला आणि जीपमध्ये जाऊन बसला. पावसाळा येईपर्यंत आम्ही आमच्याच हौदाचं पाणी प्यालो.

पुढच्या वर्षी हदगावकडे पडलेली एक पेटी बाबांनी पाहिली. तिच्यावरच्या कागदात एक ओळ वाढली होती : पाणी घालू नका. देशाच्या अवकाशविद्येत तेवढी ओळ माझ्या आईची आहे. तिच्या हातून काय बुडालं, तेही मी विसरलेले नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या शिवारात असं काही उतरलं, तर पेटी कोरडी ठेवा आणि लगेच कळवा. आणि प्लास्टिक वाटून घेण्याआधी, गावात कुणाच्या खड्ड्यात पाणी टिकत नाही ते जाऊन पाहा, आणि पहिली घडी तिथं अंथरा.