नासुनाचा आवाज खाली का जातो

मसाका गावात बुसुल्वाचा आवाज माहीत नाही असा माणूस नाही. रेडिओवर मृत्यूच्या बातम्या वाचण्यात त्याची उभी हयात गेली. नोकरी संपल्यावर गप्प बसवेना, म्हणून त्याने पॉडकास्ट काढला. परदेशी गेलेली माणसं ऑनलाइन कॉलवर गावाशी बोलतात आणि हा ते रेकॉर्ड करतो. "आधी मेलेल्यांची नावं सांगायचास, आता पळालेल्यांची का?" असं मित्र चिडवत.

सगळ्या गावाचे आवाज जपणाऱ्या या शहाण्याने बायकोचा आवाज मात्र कधी जपला नाही. ती गेली, आणि घरात तिची एक हाकसुद्धा उरली नाही. ते त्याला आतून खात असे. लेकीचा, नासुनाचा, आवाज हुबेहूब आईचा. ती लीड्सला म्हाताऱ्यांची सेवा करते, सात वर्षांत घरी आली नव्हती. तिचा आवाज तरी नीट साठवायचाच, असा त्याने चंगच बांधला.

रविवारी सकाळी चुलीवर मटोकेची हिरवी केळी शिजत ठेवून तो कॉलला बसला. लाइन तुटू नये म्हणून चित्र बंद ठेवलं. रेकॉर्डिंग सुरू झालं आणि नासुनाचा आवाज विहिरीतून यावा तसा आला.

"थांब गं. माइक कुठला निवडलायस? कॉम्प्युटरच्या पोटातला?"

"नाही ताता, बाहेरचाच." हे मात्र खणखणीत.

"मग आवाज आपोआप कमी-जास्त व्हायची सोय बंद कर. आणि पट्टी वर सरकव."

"सरकवली."

"हं, आता पहिल्यापासून."

पुन्हा तीच विहीर. वायर बदलून झाली, कॉल तोडून जोडून झाला. मधल्या बोलण्यात पोरगी स्पष्ट ऐकू येई. पहिल्यापासून म्हटलं की गायब. बुसुल्वा वैतागला.

"सुरुवातीला तू जातेस तरी कुठे?"

"खाली."

"खाली म्हणजे?"

"गुडघ्यांवर, ताता. तुमची खुशाली काय खुर्चीत बसून विचारू? आई वरून कान उपटेल माझे."

"दर वेळी टेकतेस?"

"दर फोनला. एकदा घरमालकीण आत डोकावली. तिला वाटलं, माझं काहीतरी हरवलंय."

ती हसली. बुसुल्वाला हसता येईना. त्याला ती इथे हवी होती, समोरच्या चटईवर. खुर्चीत बस म्हटलं असतं तर काम झालं असतं, पण ते त्याच्या तोंडून निघेना.

"माइक खाली घे," तो म्हणाला. "जमिनीवर ठेव."

थोडी खरखर झाली.

"ताता, रात्र बरी गेली ना?"

आवाज भरदार आला, अगदी गुडघ्याजवळून. बायको होती तेव्हा रोज सकाळी याच जागी, याच शब्दांत तिचा येत असे. उत्तरादाखल नुसतं 'हं' म्हणायचं असतं. पडद्यावर लेकीच्या आवाजाची रेघ नाचून थांबली होती. त्याची सपाट पडून होती.

"ताता? आता तुमचा आवाज येत नाहीये. तुमचा माइक बघा ना."

माइक ठीक होता.