वळ दिसायला हवेत

गल्लीत त्याला सगळे ‘हनुवटी’ म्हणत. गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं की याची टकळी सुरू व्हायची, ‘‘हनुवटी खाली, जरा डावीकडे, हां, आता श्वास सोडा.’’ फोटो मात्र असा काढायचा की वांग, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं कुठल्या कुठे पळायचं.

नव्या मिररलेस कॅमेऱ्याला पोर्ट्रेटची लेन्स घ्यायची म्हणून त्यानं दुकानदाराचं डोकं खाल्लं. पन्नास मिलिमीटरची लावून बघितली, पंच्याऐंशीची लावून बघितली, शेवटी दुकानदारालाच खिडकीपाशी उभं केलं. ‘‘तुमची खोली ती केवढीशी! पंच्याऐंशीला मागे सरकायला जागा कुठाय? पन्नासचीच घ्या,’’ तो बिचारा सांगत होता. पण पंच्याऐंशीनं त्याचं फेंदारलेलं नाकसुद्धा देखणं करून टाकलं होतं. ॲपर्चर पूर्ण उघडलं की डोळा तेवढा लख्ख, आणि कान, गळा, मागची कपाटं सगळं धूसर. हनुवटी विरघळला आणि पंच्याऐंशीचीच घेऊन आला.

त्याच आठवड्यात धाकटी बहीण स्टुडिओत आली. नवऱ्यानं तिला पट्ट्याच्या बकलानं मारलं होतं. कानाची पाळी फाटली होती, गळ्यावर पाचही बोटं उठली होती, एक दात हलत होता. मागे हात मोडला तेव्हा नवरा डॉक्टरांपुढे तिच्या शेजारीच उभा होता, म्हणून कागदावर ‘पडून लागलं’ असं आलं. या वेळी वकीलबाईंनी फोटो मागितले होते. लहानगी लेक अजून नवऱ्याच्याच ताब्यात होती आणि पुराव्याशिवाय ती हाती लागणं कठीण होतं.

‘‘फोनवर काढ पटकन,’’ धाकटी म्हणाली.

‘‘भाऊ फोटोग्राफर असताना फोनवर?’’

तो दातओठ खात होता, पण खोड काही जाईना. त्यानं दिवा मऊ केला, तिचा बरा गाल पुढे घेतला, ॲपर्चर सताड उघडं ठेवलं. वकीलबाई बाहेरगावी होत्या. त्या परतून फोटो बघेपर्यंत वळ उतरले होते.

‘‘अहो, हे फ्रेम करून भिंतीवर लावायचे फोटो आहेत!’’ त्या कडाडल्या. ‘‘कान कुठाय? गळा कुठाय? किती छान दिसतेय ती!’’

हनुवटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग एका दुपारी मेहुणा दाराला लाथ घालून आत घुसला. ‘‘कुठाय ती? मला फोन करून कोर्टाच्या धमक्या देते?’’

हनुवटीनं चमकून बहिणीकडे बघितलं. ती आधीच पांढऱ्या पडद्यासमोर जाऊन उभी होती. दिवे तिनंच लावून ठेवले होते, सगळेच्या सगळे.

मेहुण्यानं तिचे केस मुठीत धरून डोकं भिंतीवर आपटलं. स्टूल उडालं. हनुवटी ट्रायपॉड उचलून धावला.

‘‘दादा, मधे पडू नकोस!’’ ती किंचाळली. ‘‘फोटो काढ!’’

त्यानं ट्रायपॉड खाली टाकला. मग त्यानं कॅमेरा उचलला आणि कानाकोपऱ्यासकट सगळं स्वच्छ यावं म्हणून ॲपर्चर आठवर आणलं. दोघं चौकटीत मावेनात, तेव्हा मागे सरकून भिंतीला पाठ लावली. थोबाडीत बसली, काढला. पोटात लाथ बसली, काढला. ओठ फुटून रक्त पडद्यावर उडालं, तोही काढला. नव्या कॅमेऱ्याच्या शटरचा आवाज होत नव्हता आणि रागानं आंधळा झालेला मेहुणा मागे वळून बघत नव्हता. प्रत्येक फटक्याला हनुवटीच्या तोंडून शिवी बाहेर पडत होती, कोणाला ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

मेहुण्याचे हात तिच्या गळ्याभोवती आवळले तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. ट्रायपॉड त्यानं दोन्ही हातांनी फिरवला. मेहुण्याच्या गुडघ्यात काहीतरी कडकन वाजलं. मेहुणा गुरासारखा ओरडत कोसळला आणि शिव्या घालत, खुरडत रस्त्यावर गेला.

धाकटी भिंतीला टेकून बसली होती. एक डोळा सुजून मिटत चालला होता. हनुवटी ओलं फडकं घेऊन तिच्यापाशी बसला, तर तिनं त्याचा हात बाजूला सारला.

‘‘आधी फोटो बघ.’’

‘‘आलेत गं, सगळे आलेत.’’

‘‘नीट बघून सांग, दादा. मला परत मार खायचा नाहीये.’’

त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि एकेक फोटो मोठा करून बघायला लागला.